पुढच्या चाकाचे छर्रे

लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा आमच्या घरात दोनच गोष्टींना मान होता. एक सासूबाईंचं देवघर आणि दुसरी आमच्या ह्यांची सायकल. देवघराला पारोशानं शिवायचं नाही आणि सायकलीला कुणीच शिवायचं नाही, एवढाच काय तो फरक.

हे एका हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. साखर पेठेत भाड्याच्या दोन खोल्या, पुढे शहाबादी फरशीचं चार हात अंगण आणि भिंतीपलीकडे विणकराचं घर. त्या घरात दिवसभर हातमाग चालायचा. विणकराची बायको माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी. घरात तेलुगू बोलायची, माझ्याशी मराठी. मी तिला अक्का म्हणायची, ती मला वैनी.

सायकल ह्यांनी होटगीच्या एका रेल्वे गार्डाकडून घेतली होती. गार्डाची बदली झाली तेव्हा हे आगगाडीनं होटगीला गेले आणि येताना सायकलवरून आले. रस्ता बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांचा, दिवस वैशाखाचे. घरी पोचले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं असे माखले होते की सासूबाईंनी आधी सायकल ओळखली आणि मग मुलगा. सायकलीबद्दल त्या महिनाभर ऐकत होत्या ना!

पुढे दोन वर्षं सायकल गुपचूप चालली. मग ह्यांनी व्याख्यान दिलं.

शाळेत दर शनिवारी एका शिक्षकानं बोलायची पद्धत होती. ह्यांनी विषय घेतला 'यंत्र आणि सुशिक्षित मनुष्य'. आपलं यंत्र बिघडलं की ते अडाणी मिस्त्र्याच्या हाती सोपवून आपण बाकावर बसून राहतो, ही मोठी लाजिरवाणी गोष्ट आहे, सुशिक्षित माणसानं आपलं यंत्र स्वतः उघडलं पाहिजे, स्वतः दुरुस्त केलं पाहिजे, असं ते पाऊण तास बोलले. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनीच वाजवल्या. घरी आल्यावर ह्यांनी ते व्याख्यान आम्हा दोघींना पुन्हा पहिल्यापासून ऐकवलं. सासूबाई वाती वळत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच.

आठवडा झाला नसेल, सायकलीचं पुढचं चाक बोलायला लागलं. आधी नुसती करकर, मग खरखर, आणि पुढं प्रत्येक फेऱ्याला एकदा 'खट्ट'. माझी काही तक्रार नव्हती. गल्लीच्या तोंडाशी खट्ट ऐकू आलं की मी चहाचं आधण ठेवायची. कधी माझं लक्ष नसलं तर अक्का भिंतीवरून सांगायची, "वैनी, मास्तर आलं, पाणी ठेव." ह्यांना मात्र तो आवाज अजिबात ऐकू येत नसे. निदान महिनाभर तरी आला नाही. चाक लटपटून ते ज्यात बसतं त्या चिमट्याला घासायला लागलं तरी हे तोंडानं कसलासा श्लोक म्हणत पुढे जायचे.

एके दिवशी शाळेच्या फाटकात हेडमास्तर उभे होते. ते म्हणाले, "मास्तर, तुमचं यंत्र काहीतरी म्हणतंय."

"हो, ह्या रविवारी उघडणार आहे," हे म्हणाले.

झालं! बाजारात सायकलीचा मिस्त्री होता, चांगला म्हातारा आणि जाणता. पण व्याख्यानानंतर त्याच्या दुकानाची पायरी चढणं ह्यांना शक्य नव्हतं. ह्यांनी वाचनालयातून सायकलीवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं, जुनं धोतर नेसले, पाटीवर चाकाची आकृती काढली आणि रविवारी सकाळी अंगणात सायकल उलटी करून उभी केली.

पुस्तकातलं ते आम्हाला मराठीत समजावून सांगत. त्यामुळे मला जे समजलं ते असं. चाकाच्या मधोमध बैलगाडीच्या चाकाला असतो तसा पोकळ तुंबा असतो. त्यातून एक लोखंडी कणा जातो. तुंब्याच्या दोन्ही तोंडांना आत वाट्या असतात, कण्याला दोन्हीकडून एकेक कोन आट्यांवर फिरवून बसवलेला असतो, आणि वाटी नि कोन यांच्या मधल्या फटीत पोलादी छर्रे असतात, ज्वारीच्या दाण्याएवढे. चाक फिरतं ते ह्या छऱ्यांवर.

ज्वारीचा दाखला मी उगाच देत नाही. त्याच वेळी त्याच अंगणात सासूबाई सूप घेऊन ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी दोनदा म्हटलं, "आई, जरा आत बसता का?" त्या म्हणाल्या, "उजेड हितंच आहे. त्याला म्हणावं, तू सरक." हे सरकले नाहीत. शास्त्राच्या कामात जागा बदलत नाहीत, असं काहीतरी म्हणाले.

आमचे घरमालक, धान्याचे व्यापारी, लिंगायत. अंगणाच्या कडेच्या आपल्या ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, "मास्तर, चाक काढून ठिवलंय व्हय? लई धाडस हाय की."

"धाडस कसलं? पद्धतशीर काम आहे."

"पुन्यांदा बसंल न्हवं?"

ह्यांनी पान्यानं कण्यावरची बाहेरची चाकी, म्हणजे नट, सोडवली, मग कोन सोडवला, आणि मग पुस्तकाचं पान उलटायला एक हात मोकळा हवा म्हणून दुसऱ्या हातानं कणा ओढून काढला.

छऱ्यांनी पान उलटायची वाट पाहिली नाही. टपटप टपटप करून ते फरशीवर पडले आणि जिकडे उतार दिसला तिकडे धावले. काही मोरीकडे गेले, काही मालकांच्या ओट्याखाली, आणि बरेचसे सासूबाईंच्या ज्वारीत. मी पदर खोचून मोरीचं तोंड पायानं अडवलं. सासूबाई सूप घट्ट धरून ओरडल्या, "माझ्या धान्यात हे काय टाकलंस रे!"

"आई, हलू नकोस! पोलाद आहे ते!"

"पोलाद असो नाहीतर सोनं, भाकरीत आलं तर माझा एक दात जाईल. चारच उरलेत."

शाळेतला नालासारखा मोठा लोहचुंबक ह्यांनी तयारीचा भाग म्हणून घरी आणून ठेवलाच होता. तो आता कामी आला. त्यांनी तो ज्वारीतून फिरवला, मोरीतून फिरवला, फरशीच्या फटींतून फिरवला. चुंबकाला छर्रे लागले तसेच केसांचे आकडे लागले, एक कुलपाची किल्ली लागली, आणि सासूबाईंची संक्रांतीपासून हरवलेली गोधडीची सुई. सुई सापडल्यावर सासूबाईंचा राग गेला. त्या दिवशी आमच्या घरात शास्त्राचा खरा उपयोग झाला असेल तर तो एवढाच.

छर्रे मोजले तर सतरा भरले. पुस्तकात एका बाजूला दहा आणि दुसऱ्या बाजूला दहा लिहिलं होतं.

"तीन कुठं गेले?" मी विचारलं.

"जाऊ दे. कारखानदार नेहमी जास्तच घालतात. एका बाजूला नऊ, एका बाजूला आठ. पुरेत."

मग घासलेटात सगळं धुणं झालं. पुस्तकातलं पुढचं वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं: "कोनाच्या अंगावर खाचा पडल्या असतील, किंवा छर्रे खरवडले असतील, तर ते बदलून नवे घालावेत." क्षणभर थांबून म्हणाले, "हे तिकडच्या ओल्या हवेसाठी आहे. आपली हवा कोरडी. आपल्याला लागू नाही."

मी कोन हातात घेऊन पाहिला. त्याच्या निमुळत्या अंगावर बोटाला लागेल अशी खाच होती. मी तो त्यांच्या हाती परत दिला. मला मराठी सहा इयत्ता झालेल्या होत्या आणि ते बी. एस्सी. होते.

बारा वाजेपर्यंत चाक बसलं. सैल राहायला नको म्हणून त्यांनी कोन चांगला जोर लावून आवळला. आवाज एकदम बंद झाला. तो बंद होण्याचं कारण असं की चाक हातानं फिरतच नव्हतं. हे म्हणाले, "नवं काम आहे. चालवल्यावर सैल होईल." मालक ओट्यावरून म्हणाले, "व्हय की," आणि जेवायला आत गेले.

सोमवारी हे सायकलवरून शाळेला निघाले. निघाले म्हणजे जोर लावून पायडल मारत गेले, चढावर चालल्यासारखे. गल्लीचं दुसरं वळण ओलांडलं आणि भाजीबाजाराच्या तोंडाशी पुढच्या चाकातून काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज आला. चाक जागच्या जागी थांबलं. हे मात्र थांबले नाहीत. मेथीच्या जुड्यांच्या ढिगात जाऊन बसले. लागलं नाही. भाजीवाली म्हणाली, "मास्तर, बसायचंच हुतं तर सांगायचं की, पोतं टाकलं असतं." हे मला ह्यांनी सांगितलं नाही. अक्का त्याच वेळी बाजारात होती, तिनं सांगितलं, आणि सांगताना तिला तीनदा थांबावं लागलं.

त्या दिवसापासून हे शाळेला पायी जाऊ लागले. शाळेत त्यांनी सांगितलं की चालण्याचे फार फायदे आहेत. पचन सुधारतं, विचारांना चालना मिळते. सायकल अंगणात भिंतीला टेकून उभी राहिली. पहिले चार दिवस तिच्यावर धुतलेला पंचा टाकलेला असे. मग त्या पंच्यावर दुसरा पंचा वाळत पडला, मग माझी चोळी, आणि पंधरा दिवसांत सासूबाई तिला 'वलणी' म्हणायला लागल्या.

मला वाईट वाटायचं ते ह्यांच्यासाठी. दुपारच्या उन्हात मैल-दीड मैल चालून येत, चेहरा लालबुंद, आणि दारातून आत येताना सायकलीकडे बघत नसत. ज्या वस्तूला कुणी शिवलेलं त्यांना खपत नव्हतं, तिच्यावर आता चोळ्या वाळत होत्या आणि ते काही म्हणत नव्हते. आधी रागावत होते तेच बरं होतं.

एका दुपारी सासूबाई निजल्या होत्या. मी वाळलेले कपडे काढले, पाना घेतला, खाली एक पितळी परात ठेवली आणि चाक सोडवलं. कणा ओढला तेव्हा सगळे छर्रे परातीत पडले. चौदा धड होते म्हणायचे, आणि तीन छऱ्यांचे तुकडे. धड होते त्यांचंही पोलाद सालपटं निघाल्यासारखं उडालेलं. कोनावरची खाच आता खड्डा झाली होती. तुंब्याच्या वाटीत मी बोट फिरवून पाहिलं. ती मात्र गुळगुळीत होती, दोन्ही बाजूंची.

पुस्तकातलं ते वाक्य मला पाठ होतं. बदलून नवे घालावेत.

मी दोन्ही कोन, कणा आणि दोन-तीन छर्रे फडक्यात बांधले आणि भिंतीवरून अक्काला हाक मारली. "अक्का, तू सुताच्या बाजाराला जातेस ना? तिथं जवळच तो मिस्त्री आहे. मला घेऊन चल."

"सायकलवाल्याकडे? तू?"

"तू बरोबर असलीस तर चालेल की."

मास्तरणीबाईनं त्या काळी सायकलीच्या दुकानात जाणं म्हणजे गल्लीला आठ दिवस पुरेल असा विषय. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि गेले. मिस्त्री आम्हाला बघून उठूनच उभा राहिला. पांढरी दाढी, हात कोपरापर्यंत काळे. त्यानं घासलेटाचं खोकं उलटं करून त्यावर स्वच्छ फडकं टाकलं आणि म्हणाला, "आओ बाई, बैठो."

मी फडकं सोडून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं कोन उजेडात धरला.

"ये कोन देखो. देवी निकलेला मुँह कैसा रैता, वैसा हो गया. किसने इत्ता कसके बिठाया?"

अक्का तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघायला लागली. मिस्त्रीला समजलं असावं, त्यानं पुन्हा विचारलं नाही. म्हणाला, "छर्रे सब नवे डालना. पुराना एक भी नक्को मिलाओ. एक बी बडा रहा तो सारा बोझा उसीच पे आता, और पैले वोच टूटता. वाटी कैसी है?"

"बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत आहे."

"तुम देखे?" त्यानं पहिल्यांदाच नीट वर बघितलं. "फिर रैने देव उसको."

मला भीती होती की तो व्याख्यानावरून काहीतरी बोलेल. शहर तसं लहान, अशा गोष्टी पोचतात. आणि तो बोललाच. "मास्तर शाळा में बोले ना, मशीन का काम पढेला आदमी खुद करना. सुनके मेरेकू भौत अच्छा लगा. मैं बोला, चलो, अब कोई तो सीखने आएगा. इत्ते दिन हुए, कोई नै आया. तुम पैले आए."

त्यात कुठं टोमणा नव्हता. खरंच वाट बघितली होती त्यानं. मला आमच्या घरातल्या सगळ्या विद्वत्तेची त्या क्षणी लाज वाटली.

त्यानं एक जुना तुंबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. वाटीत बोटानं ग्रीस कसं भरायचं, त्यात छर्रे कसे चिकटवायचे म्हणजे पडत नाहीत, कोन हातानं टेकेपर्यंत फिरवून मग केसभर मागे कसा घ्यायचा, हे सगळं त्यानं एकदा करून दाखवलं आणि एकदा माझ्याकडून करून घेतलं. "देखो बाई, चाक हिलना नै, और अटकना बी नै. बाहर की चाकी कसते वखत कोन बी साथ में फिरता. सब लोगां वहीच गलती करते. एक पाना कोन पे, दूसरा चाकी पे."

नवे दोन कोन, मोजून वीस छर्रे, वर आणखी दोन हरवलेच तर म्हणून, कोनावर लागणारा पातळ पाना चार दिवसांच्या बोलीवर, आणि वडाच्या पानात बांधून आंब्याच्या कोयीएवढं ग्रीस, असं सगळं घेऊन आम्ही परत आलो. येताना अक्काच्या डोक्यावर सुताचं गाठोडं होतं आणि माझ्या पदराखाली हे सामान. कुणी विचारलं तर काय घेतलं सांगायचं, ह्यावर आमची चर्चा झाली. ठरलं, बटणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामाला बसले. एका बाजूचे पाच-सहा छर्रे ग्रीसमध्ये लागले असतील, तोच मागून आवाज आला, "काय करतेस गं?"

सासूबाई जाग्या झाल्या होत्या. माझे हात मनगटापर्यंत काळे, परातीत सायकलीची आतडी. आता काय ऐकावं लागणार म्हणून मी मान खाली घातली.

त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाण्याला शिवू नकोस त्या हातांनी." आणि समोर येऊन बसल्या. "किती झाले?"

"मोजते."

"तू लाव. मी मोजते." रोज सकाळी एकशे आठ मण्यांची माळ ओढणारी बाई ती. मी एकेक छर्रा चिमटीत धरून ग्रीसमध्ये ठेवायची आणि त्या ओठांतल्या ओठांत मोजायच्या. एका बाजूला मी थांबले तेव्हा म्हणाल्या, "नऊच झाले. एक राहिला." खरंच राहिला होता, माझ्या पदराच्या घडीत.

कोन हातानं फिरवला, टेकला, केसभर मागे घेतला. बाहेरची चाकी आवळली तर चाक अडकलं. मिस्त्री म्हणाला होता तसंच झालं, चाकीबरोबर कोनही फिरला होता. पुन्हा सोडवलं. दुसऱ्यांदा आवळलं तर चाक डुगडुगायला लागलं. तिसऱ्या खेपेला एक पाना मी धरला आणि दुसरा अक्कानं, भिंतीवरून उडी मारून येऊन. हातमाग ओढणारे तिचे हात, पाना केसभरही हलला नाही.

चाक चिमट्यात बसवलं आणि बोटानं ढकललं. फिरायला लागलं. आवाज नाही. फिरतंय, फिरतंय, अक्का म्हणते आता थांबेल, तर थांबायचं नाव नाही. शेवटी हळू झालं आणि हवा भरायच्या तोंडाकडची जड बाजू खाली आली, थोडी पलीकडे गेली, परत आली, पुन्हा थोडी गेली, पाळण्यासारखी. मग स्थिर झाली. थोड्या वेळानं सासूबाईंनी स्वतः हात पुढे केला आणि पुन्हा एकदा फिरवलं.

संध्याकाळी हे आले. वहाणा काढताना आधाराला हात सायकलीच्या दांड्याला लागला, पुढचं चाक जरा उचललं गेलं आणि आपोआप फिरलं. त्यांनी वाकून बघितलं. चाक उचलून पुन्हा फिरवलं. उभे राहून चिमटा हलवून बघितला. आता विचारतील, मग मी सांगेन.

ते म्हणाले, "बघ. ग्रीस मुरायला वेळ लागतो. मुरलं."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंकडे. मी म्हटलं, "चहा ठेवू ना?"

का नाही सांगितलं ते आज सांगणं सोपं नाही. महिन्याभरानं पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. आणि शिवाय मी तेव्हा बावीस वर्षांची होते. त्या वयाच्या बायकांना नवऱ्याचा आनंद नासवणं हे खोट्यापेक्षा मोठं पाप वाटायचं.

पण ग्रीसच्या मुरण्याची बातमी शाळेत गेली. हेडमास्तरांची स्वतःची सायकल होती आणि तिचंही पुढचं चाक कुरकुरत होतं. ते म्हणाले, "मास्तर, आता आमचंही यंत्र तुमच्याच हवाली." पुढच्या रविवारी हेडमास्तरांची सायकल आमच्या अंगणात आली. नवे कोन, छर्रे आणि पातळ पानाही ह्या वेळी हेडमास्तरांनीच शिपायाकरवी मिस्त्रीकडून मागवून बरोबर दिले होते. शिकलेल्या माणसानं काय लागतं याची यादी तरी नीट केली होती.

हे पुस्तक घेऊन बसले. चाक सोडवलं. ह्या वेळी मी परात आधीच खाली सरकवली होती. छर्रे परातीत पडले. ह्यांनी पहिले तीन छर्रे बसवायला घेतले, तिन्ही पडले. मग म्हणाले, "अगं, जरा हे धर. मी पुढचं वाचतो." मी धरलं. ते वाचत राहिले आणि मी करत राहिले. एक बाजू पूर्ण झाली होती आणि मी दुसऱ्या बाजूला ग्रीस भरत होते, तेवढ्यात अंगणाचं दार वाजलं आणि हेडमास्तर आत आले. उपरणं, पगडी, काठी. देवळात जाऊन येत होते.

मी पटकन पदर घेतला, काळे हात लपवायला जागा मिळेना.

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. "हे काय, मास्तर?"

हे हसले. "घरातल्यांना जरा यंत्राची ओळख करून देतोय."

"वा!" हेडमास्तर म्हणाले. "वा, वा! स्त्रीशिक्षण! असं पाहिजे!"

त्या एका वाक्यानं माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी चाक हळूच परातीत ठेवलं, उठले आणि म्हटलं, "मग पुढचं तुम्हीच दाखवा." आणि आत जाऊन राखेनं हात घासायला लागले.

स्वयंपाकघरातून मला सगळं ऐकू येत होतं. आधी ह्यांचं खाकरणं. मग एक छर्रा परातीत पडल्याचा आवाज. मग आणखी एक. मग बराच वेळ काहीच नाही. मग पाना फिरल्याचा, पुन्हा उलटा फिरल्याचा आवाज. शेवटी ह्यांची हाक आली, अगदी हळू: "अगं… हा कोन निमुळत्या बाजूनं आत जातो का बाहेर?"

मी दारात येऊन म्हटलं, "आत."

हेडमास्तर काठीवर हात ठेवून उभे होते. त्यांना थोडा वेळ लागला, पण समजलं. "मास्तर," त्यांनी विचारलं, "इथं शिकवतंय कोण?"

हे परातीकडे बघत होते. त्यांची मान लाल झाली होती. मला वाटलं, आता काहीतरी विद्वत्तापूर्ण बोलतील. पण नाही.

"ही," ते म्हणाले.

"आणि तुमची सायकल?"

"तीही हिनंच."

हेडमास्तर उपरण्यानं घाम पुसून म्हणाले, "मग माझी अर्धवट नको राहायला." आणि मी पुढे येऊन बसले. ते जाईपर्यंत सासूबाई दाराआडून छर्रे मोजत होत्या.

पुढच्या शनिवारी शाळेत हेडमास्तर स्वतः बोलले. विषय होता स्त्रीशिक्षण. त्यात यंत्राचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं, पण आपल्या शाळेनं ह्या बाबतीत कसा पुढाकार घेतला आहे ते होतं. बाकीच्या मास्तरांपैकी एकानंही त्यानंतर सायकल आमच्याकडे पाठवली नाही. मास्तरांच्या बायकोकडून दुरुस्त करून घेण्यापेक्षा मिस्त्री बरा, असं सगळ्यांना एकाच वेळी सुचलं. त्याचं दुकान बरं चालायला लागलं, हे त्यातल्या त्यात चांगलं झालं.

त्या रविवारी हेडमास्तर सायकल घेऊन गेल्यावर दुपारी हे अंगणात बसून परात पुसत होते. मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. ग्रीस मुरत नाही गं. मी शास्त्र शिकवतो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार होतो?" ते म्हणाले. आणि परात उलटी करून पुसत, "शाळेत जे बोललो होतो ना, ते मला पटलेलं होतं. अजूनही पटतं. फक्त ते मी माझ्याबद्दल बोलत होतो असं मला वाटलं होतं."

पुढं पाच-सहा वर्षं ती सायकल आमच्याकडे होती. बार्शीला बदली झाली तेव्हा ह्यांनी ती कचेरीतल्या एका तरुण कारकुनाला विकली. कारकून पारखून घेत होता. त्यानं पुढचं चाक उचलून फिरवलं, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मास्तर, चाक झकास आहे. कोणत्या मिस्त्रीचं काम?"

"हिनं बसवलंय," हे माझ्याकडे बोट करून म्हणाले.

कारकून मनापासून हसला. त्याला वाटलं मास्तर विनोदी आहेत. ह्यांनी एकदा पुन्हा सांगून बघितलं, तो आणखी हसला. मग ह्यांनी त्याला हवा भरायचा पंप काढून दिला.